नवभाषा आणि स्वातंत्र्य

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतील राज्यसत्ता केवळ माणसांवर पाळत ठेवून थांबत नाही. 'न्यूस्पीक' ही भाषाही ती घडविते. या भाषेच्या कोशातून शब्द सतत गाळले जातात. 'मुक्त' हा शब्द उरतो, तो शेत तणापासून मुक्त आहे, एवढ्याच अर्थी. त्याचा राजकीय अर्थ लोपतो. शब्द नाहीसा झाला की विचारही अशक्य होईल, हे या योजनेचे गृहीतकृत्य होय. भाषाशास्त्रदृष्ट्या ते पूर्णतः ग्राह्य नाही. उरलेल्या शब्दांनाच भाषक नवे अर्थ देतात. कादंबरीचे परिशिष्टही न्यूस्पीकचे वर्णन रूढ इंग्रजीत आणि भूतकाळात करते. ती सत्ता टिकली नाही, असे त्यावरून काही अभ्यासक अनुमानितात. हे परिशिष्ट गाळण्याची अमेरिकेतील एका ग्रंथमंडळाची सूचना ऑर्वेल यांनी अमान्य केली होती.