वर्षावास, हवा आणि ओल : जुन्नरच्या लेण्यांपासून वसतिगृहापर्यंत

पावसाळा सुरू झाला की निवासी शाळेच्या खोल्यांतून एक ओळखीचा वास येऊ लागतो. गोधड्या दमट होतात, पेटीच्या मागील भिंतीवर काळे ठिपके उमटतात, वह्यांची पाने मऊ पडतात. त्याच सुमारास खोकला, दमा आणि गजकर्णाच्या तक्रारीही वाढतात. ओल बाहेरून येते असा सर्वसाधारण समज असल्याने आपण खिडक्या लावून घेतो आणि नेमके तिथेच चुकते. लहान जागेत अनेकांनी पावसाळा कसा काढावा, हा प्रश्न आपल्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. त्याचे उत्तर आजही जुन्नरच्या डोंगरांत कोरलेले आहे.

जुन्नरभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम होय. उघड्यावर किंवा झाडाच्या ढोलीत वर्षावास करण्यास विनयाने मनाई केली आहे. त्यामुळे छप्पर असलेले, कोरडे आणि राहण्याजोगे स्थान ही संघाची मूलभूत गरज ठरली. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील या नगरीतील दात्यांनी ती पुरविली.

लेण्याद्री येथील सर्वांत मोठा विहार पाहावा. मधला मंडप स्तंभरहित आणि प्रशस्त असून त्याच्या तीन बाजूंना २० खोल्या आहेत. आज तेथे गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. पुढे स्तंभांची ओसरी असल्याने पावसाची झड थेट आत पोहोचत नाही. जुन्नरच्या अनेक खोल्यांत झोपण्यासाठी दगडी कट्टा ठेवलेला आढळतो, म्हणजे शरीर आणि अंथरूण जमिनीच्या गारव्यापासून वर राहते. पाण्यालाही त्याची जागा नेमून दिलेली आहे. लेण्यांलगत कातळात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदलेली असतात. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढींचे दान दिल्याचा शिलालेख शिवनेरीवर आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान केल्याचा लेख मानमोडीवर आहे. निवाऱ्याइतकेच पाण्याचे दानही पुण्यकारक मानले जात होते, हे यावरून दिसते.

परंतु कातळात कोरलेल्या विहाराची एक मर्यादा आहे. हवा आणि उजेड केवळ दर्शनी बाजूनेच येतो. लाकडा-मातीच्या विहारांतही प्रारंभी हीच अडचण होती. विहारांना खिडक्या नसल्याने आत अंधार आणि दुर्गंधी राही, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. तेव्हा तथागतांनी वेदिकेची, जाळीची आणि गजांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली. पाली भाषेत खिडकीला ‘वातपान’ म्हणतात. त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा प्रथम पडद्यांना आणि पुढे झडपांना मान्यता मिळाली. खिडक्या बुजविण्याचा मार्ग कोणी सुचविला नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे रात्री खिडक्या बंद ठेवण्यामागे पावसाइतकीच बिबट्याचीही भीती असते. उसाच्या पट्ट्यात ती अनाठायी नाही. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. त्यावर उपाय मजबूत गज आणि बारीक जाळी हाच होय.

खिडकी उघडी का हवी, याचे गणित सोपे आहे. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे ताशी साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. एका खोलीत २० विद्यार्थी आठ तास झोपले, तर पहाटेपर्यंत पाच ते सहा लिटर पाणी त्या हवेत मिसळते. ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीतील हवा २५ अंश सेल्सिअसला फार तर चार लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. पावसाळ्यात तर ती आधीच बरीच भरलेली असते. उरलेले पाणी पत्र्यावर, भिंतीवर आणि अंथरुणात उतरते.

बाहेर पाऊस असताना ओली हवा आत घेऊन काय साधणार, अशी शंका येईल. थंड हवा कमी वाफ धरते. बाहेरची २१ अंशांची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १८ ग्रॅम वाफ असते. तीच हवा खोलीत २५ अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता २३ ग्रॅम होते आणि ती आणखी पाच ग्रॅम वाफ उचलून बाहेर नेऊ शकते. म्हणून बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा, विशेषतः रात्री आणि पहाटे, हवेचा मार्ग खुला ठेवावा. क्षयासारखे हवेतून पसरणारे रोग रोखण्यासही तोच उपयोगी पडतो.

आमच्या मते प्रत्येक वसतिगृहाने पुढील गोष्टी कराव्यात. समोरासमोरच्या भिंतींना झरोके असावेत आणि त्यांपैकी एका बाजूचे छताजवळ असावेत, कारण उबदार हवा वर चढते. खिडकीवर पुढे आलेला छज्जा असावा. ओले गणवेश खोलीत न वाळवता पडवीत दोरीवर टाकावेत. खाटा आणि पेट्या भिंतीपासून चार बोटे दूर, विटांवर किंवा फळीवर ठेवाव्यात. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू न देता पन्हळीने दूर न्यावे. कपडे वाळविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

बांधकामाइतकाच नित्यनेमही महत्त्वाचा आहे. विनयात निवासस्थानाविषयीची कर्तव्ये दिली आहेत. अंथरूण बाहेर काढून उन्हात घालावे, झटकावे आणि पुन्हा जागेवर ठेवावे. थंडीत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री लावाव्यात; उन्हाळ्यात याच्या उलट करावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर डाग पडल्यास कापड भिजवून, पिळून त्याने पुसावे. बुरशी कोरडी झाडल्यास तिचे कण हवेत उडतात, हे आज आपण जाणतो. म्हणून ओल्या फडक्याचा तो नियम आजही योग्य आहे. ही कामे कोण्या एका सेवकाची नव्हती, तेथे राहणाऱ्या प्रत्येकाची होती.

आपल्या वसतिगृहांत आहुपे-भीमाशंकरच्या वाड्यांवरून आलेली मुले राहतात, तशीच ऊसतोडीच्या कोपीत बालपण काढलेलीही राहतात. कारवीच्या कुडातून त्यांच्या घरी वारा तरी खेळता होता. शिक्षणासाठी ते घर सोडून आलेल्या मुलाला सिमेंटच्या बंद खोलीत दमा जडावा, हे कोणत्याही संस्थेला शोभणारे नाही. ज्याला स्वच्छ हवेत झोप मिळते, तोच सकाळी वर्गात जागा राहतो. येत्या आषाढ पौर्णिमेपूर्वी प्रत्येक खोलीची एकेक खिडकी उघडून, तिचे गज, जाळी आणि झडप तपासून घ्यावी. वर्षावासाची तयारी तिथूनच सुरू होते.