बंपरच्या जाळीतून ब्रेकला वारा लागतो का?

अलीकडच्या गाड्यांच्या पुढच्या बंपरला दोन्ही कोपऱ्यांत मोठाले काळे झरोके दिसतात. शोरूममध्ये कुणीतरी हमखास सांगतं, "यातून हवा थेट ब्रेकवर जाते, ब्रेक तापत नाहीत." झरोक्यामागेच चाक असल्यामुळे हे सहज पटतंही. पण रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे खरं नाही. या समजुतीचा तोटाही होतो. ब्रेक गार ठेवायची सोय गाडीत आहे असं मानणारा माणूस घाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवतो.

"चाकापुढे झरोका आहे, म्हणजे तो ब्रेकसाठीच"

त्या जाळीत टॉर्च मारून बघा. बऱ्याच गाड्यांत जाळीमागे सलग प्लास्टिक दिसेल. हवा आत जायला वाटच नसते. बंपर रुंद आणि रागीट दिसावा एवढाच हेतू. महागड्या, वेगाच्या गाड्याही याला अपवाद नाहीत. २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आर या गाडीच्या बंपरवरची बरीचशी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी बंद होती. २०१९ च्या टोयोटा सुप्रावरच्या बंद झरोक्यांवर टीका झाली, तेव्हा शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्यांना ते उघडता यावेत म्हणून ठेवले आहेत, असं स्पष्टीकरण देण्यात आलं.

झरोका खरोखर उघडा असला, तरी आत बहुतेकदा रेडिएटर किंवा टर्बो इंजिनचा इंटरकूलर असतो. पोर्शे ९११ चं इंजिन मागे असतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते पाण्याने थंड होणारं झालं आणि रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढ्यात, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आले. ते मोठे झरोके या रेडिएटरसाठी आहेत. ब्रेकसाठी त्याच गाडीत वेगळी युक्ती आहे : सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर बसवलेलं प्लास्टिकचं छोटं पातं. गाडीखालून वाहणारी हवा ते डिस्ककडे वळवतं. बाहेरून हे पातं दिसत नाही, म्हणून जाहिरातीतही दिसत नाही. पण काम तेच करतं.

तिसरा प्रकार बंपरच्या टोकाशी असलेल्या उभ्या, अरुंद फटीचा. याला एअर कर्टन म्हणतात. २०११ च्या बीएमडब्ल्यू वन सिरीज एम कूपेमध्ये तो आला आणि नंतर साध्या गाड्यांतही पसरला. फटीतून आत गेलेली हवा चाकाच्या पुढे उभ्या पातळ झोतासारखी बाहेर पडते आणि फिरत्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून मागे जाते. चाकाभोवती हवेची घुसळण कमी झाली की गाडीला होणारा वाऱ्याचा अडथळा घटतो आणि इंधन वाचतं. म्हणजे ही हवा मुद्दाम चाकाच्या बाहेरून नेलेली असते. ब्रेक असतो आत.

"कुठून का होईना, हवा आली की ब्रेक गार"

इथे डिस्कची रचना समजून घ्यायला हवी. व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे बिडाच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये पाती. चाक फिरलं की ही डिस्क पंपासारखी चालते : मध्यभागातून, हबच्या बाजूने हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून शर्यतीच्या गाडीत बंपरपासून जाड पाइप निघतो आणि थेट डिस्कच्या मध्याशी संपतो. व्हीलआर्चमध्ये नुसती सोडलेली हवा तिथल्या घुसळणीत हरवते. डिस्कच्या पोटात तिच्यातली फार थोडी पोहोचते. असा पाइप टाकणं सोपं नसतं, कारण चाक वळतं, वर-खाली होतं. पावसात त्याच वाटेने पाणी आणि चिखलही येतो. शहरातल्या गाडीसाठी हा खटाटोप कुणी करत नाही आणि त्याची गरजही नसते.

गरज का नसते, ते आकड्यांत बघू. माणसं-सामानासह १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी ही उष्णता. पुढच्या ब्रेकवर यातला साधारण ७० टक्के भार येतो. पुढची प्रत्येक डिस्क ७ किलोची धरली, तर तिचं तापमान जेमतेम ६० ते ६५ अंशांनी वाढतं. हे सगळं तीन-चार सेकंदांत घडतं. तेवढ्या वेळात कितीही वारा घातला तरी फरक पडत नाही. उष्णता आधी लोखंडातच साठते. त्यामुळे झरोक्यांमुळे गाडी लवकर थांबते हा दावाही टिकत नाही. वाऱ्याचा उपयोग होतो तो दोन ब्रेकिंगच्या मधल्या वेळात, आणि पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारावे लागतात तेव्हा. हे शर्यतीच्या ट्रॅकवर होतं.

मग घाटात?

आपल्याकडे ब्रेक खरे तापतात ते घाटात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं, की गाडी जवळपास १३०० मीटर खाली येते. १५०० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा १ कोटी ९० लाख ज्यूल भरते, म्हणजे ताशी शंभरवरून तेहतीस वेळा थांबण्याइतकी. त्यातला बराच वाटा टायर आणि वारा यांच्यात जिरतो हे खरं. उरलेला इंजिनने घ्यायचा की ब्रेकने, हे मात्र गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतं.

अशा वळणांवर वेग असतो ताशी ३०-४०. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी १२० ला जो दाब असतो, त्याचा नववा हिस्साच ४० ला मिळतो. म्हणजे ब्रेकला गारव्याची खरी निकड असते, नेमका तेव्हाच अगदी अस्सल झरोकाही दुबळा पडतो.

ब्रेक फार तापले की दोन गोष्टी होतात. पॅडची पकड जाते : पेडल कडक लागतं, पण गाडी आवरत नाही. किंवा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. डॉट ३ ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलसर ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश आहे. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल घेऊन घाट उतरणं मला बंपरच्या कुठल्याही जाळीपेक्षा कितीतरी अधिक काळजीचं वाटतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे. गाडी न्यूट्रलवर टाकली की सगळा भार ब्रेकवर येतो. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरा. इलेक्ट्रिक गाडीची मोटार उतारावर बॅटरी भरते आणि ब्रेकचा भार हलका करते, पण डोंगरावरच्या हॉटेलात बॅटरी १०० टक्के भरून निघालात तर तिला ऊर्जा घ्यायला जागाच उरत नाही. थोडी रिकामी ठेवून निघा. करपल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू किंवा तडकू शकते. बंपरवर चिकटवायचे झरोके विकत घेणार असाल, तर ते पैसे आधी ब्रेक ऑइलवर खर्च करा आणि ते दर दोन वर्षांनी बदलून घ्या.