आपोआप मिटणारे दार

दार कशासाठी, असे विचारले तर आपण सहज म्हणू की येण्याजाण्यासाठी. उंच इमारतीत जिन्याच्या तोंडाशी जे जाड अग्निरोधक दार असते, त्याचे मुख्य काम मात्र मिटण्याचे आहे. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळेच आपण त्याला वीट लावून ठेवतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ९ जानेवारी २०२२ रोजी एका १९ मजली इमारतीत, खालच्या एका घरात खोली गरम करण्याच्या विजेच्या शेगडीने पेट घेतला. ज्वाळा त्या घराच्या व बाहेरच्या बोळाच्या पलीकडे गेल्याच नाहीत. तरी १७ माणसे गेली, त्यांत ८ मुले. आणि ती सारी धुराने. त्या घरातली मंडळी बाहेर पडल्यावर दार आपोआप मिटायला हवे होते, ते मिटले नाही. वर पंधराव्या मजल्यावरचे जिन्याचे दारही उघडेच राहिले. मग जिन्याचे धुराडे होण्यास कितीसा वेळ लागणार? ज्या वाटेने सुटायचे, तीच वाट धुराने भरली.

असले दार आगीला अर्धा तास, तास, क्वचित दोन तासही थोपवते. पण ते केवळ फळीच्या बळावर नव्हे. पुष्कळ दारांच्या कडेला किंवा चौकटीच्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते. ती उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. ही फट तीन मिलिमीटरच्या आसपास हवी. बिजागरीचा एखादा स्क्रू ढिला झाला, दार झुकले, की ती एका बाजूस वाढते आणि पट्टीचे फुगणे अपुरे पडते. थंड धूर अडवणारी दुसरी मऊ पट्टी असते, तिच्यावर रंगारी खुशाल ब्रश फिरवतो!

परीक्षा अगदी सोपी आहे. दार पूर्ण उघडून सोडून द्या. मग वीतभरच उघडून सोडा. दोन्ही वेळा ते स्वतः मिटून खिटी अडकली पाहिजे. पुष्कळ दारे पहिल्या परीक्षेत उतरतात आणि दुसरीत नापास होतात. दार ओढणाऱ्या क्लोजरखाली तेलाचा ओघळ दिसला, तर त्याचा दम संपला असे समजावे.

इंग्लंडमध्ये ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ मधील आगीत ७२ जण गेले. त्यानंतर झालेल्या नियमांनी, २३ जानेवारी २०२३ पासून, अकरा मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक दारे दर तीन महिन्यांनी व घरांची दर्शनी दारे वर्षातून एकदा तपासावी लागतात. आपल्याकडे २००६ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे अग्निशमन व्यवस्था ठीक असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. परंतु फेब्रुवारीत लावलेली वीट जुलैपर्यंत कोणी पाहायची?

आमच्याच इमारतीत अशी वीट होती. चौकशी करता कळले की दार धाडकन आपटते, शेजारच्या आजोबांची झोपमोड होते, म्हणून रखवालदाराने ती ठेवली. तक्रार खरी होती. क्लोजरला मिटण्याचा वेग कमीजास्त करण्याचा एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवताच आवाज थांबला आणि वीट बागेत गेली.