मुदतीच्या व्हिसावरचा संसार

व्हिसा म्हटला की डोळ्यांपुढे येते ती अमेरिकन वकिलातीबाहेरची रांग, नाहीतर आखातात निघालेला एखादा वेल्डर. आपला माणूस तिकडे गेला की तो परदेशी नागरिक ठरतो, हे आपल्याला माहीत असते. पण आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातही व्हिसावर राहणारी, दुकान चालवणारी, मुलांना शाळेत धाडणारी कुटुंबे आहेत. लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ही मंडळी मुख्यतः सिंधमधून आलेली हिंदू आहेत आणि त्यांचा पासपोर्ट पाकिस्तानचा आहे. त्यांचे अर्ज भरून देता देता हे नियम माझ्या वाचनात आले. त्यांतले कामाचे तेवढे आज सांगतो.

उल्हासनगर हे मुळात निर्वासितांचे शहर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पण एक ते पाच हे कॅम्प नंबर लोकांच्या तोंडी आजही आहेत. त्या पहिल्या पिढीला व्हिसा लागला नाही. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथे राहिलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने नागरिक मानले आणि त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची सोय ठेवली. पुढे १९५२ साली दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली. मग त्याच घराण्यातला, उशिरा आलेला पुतण्या कायद्याने परदेशी ठरला.

आता तो पुतण्या इथे पोट कसे भरणार? नातेवाइकांना भेटायचा व्हिसा ठरावीक शहरांपुरता असतो. पोलिसांकडे हजेरी लावावी लागते. त्या व्हिसावर कामधंदा करता येत नाही. कायम राहायचे असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही, घ्यावा लागतो. तो मिळाला तरी रोजच्या अडचणी बऱ्याच होत्या. बँकेत खाते उघडायचे कसे, दुकान कोणाच्या नावावर घ्यायचे, हेच प्रश्न असत. २०१६ साली केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना यात सवलती दिल्या. बँक खाते, पॅन कार्ड, वाहन परवाना आणि स्वयंरोजगार यांना मोकळीक मिळाली. राहण्यासाठी एक घर आणि धंद्यासाठी एक जागा घेता येऊ लागली. राज्यात फिरण्यावरचे बंधनही सैल झाले. मात्र मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि भारतीय पासपोर्ट नाही, हे तसेच राहिले.

त्यासाठी नागरिकत्व हवे. त्याची एक वाट नोंदणीची. त्यासाठी अर्जदार भारतीय वंशाचा हवा आणि इथे सात वर्षे राहिलेला हवा. भारतीय वंशाचा म्हणजे कोण? जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी एक जण अखंड भारतात जन्मला, तो. आता हिशेब करून पाहा. आज तिशीतल्या तरुणाचे आई-वडील फाळणीनंतर सिंधमध्ये जन्मलेले. आजोबा शिकारपूरचे असोत की हैदराबादचे, ते इथे मोजले जात नाहीत. फाळणी जितकी दूर जाते, तितकी ही वाट अरुंद होत जाते. या तरुणाला मग देशीयकरणाचा लांबचा रस्ता उरतो: अर्जाआधीचे सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांतली अकरा वर्षे. त्या शेवटच्या बारा महिन्यांत आजारी आईला भेटायला सिंधला गेले, तर हिशेब बिघडू शकतो.

मुलांचे काय? मूल उल्हासनगरच्या इस्पितळात जन्मले म्हणजे ते भारतीय झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. १ जुलै १९८७ पासून तसे नाही. आई-वडील दोघेही परदेशी नागरिक असतील तर इथे जन्मलेले मूलही जन्माने भारतीय ठरत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघांपैकी एक भारतीय असेल आणि दुसऱ्याचे राहणे कायदेशीर असेल, तरच ते जन्माने नागरिक होते. म्हणून घरातल्या एकाचा व्हिसा चुकला तर त्याचा फटका पुढच्या पिढीला बसतो.

डिसेंबर २०१६ मध्ये ज्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णयाचे अधिकार मिळाले, त्यांत ठाणे जिल्हाही होता. दिल्लीची वाट त्यामुळे वाचली. पुढे २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या, या तीन देशांतल्या सहा धर्मीयांसाठी अकराऐवजी पाच वर्षे पुरेशी ठरवली. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. या वाटेने मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो. पण जे २०१५ मध्ये आले, त्यांना हा लाभ नाही. काही महिन्यांच्या फरकाने सख्ख्या भावांच्या वाटा वेगळ्या होतात.

कागदाची किंमत एप्रिल २०२५ मध्ये कळली. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. वैद्यकीय व्हिसाला २९ एप्रिलपर्यंत सवड मिळाली, बाकीच्यांची मुदत २७ एप्रिलला संपली. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम राहिले. एकाच घरात जेवायला बसलेल्या दोघांपैकी भेटीच्या व्हिसावर आलेल्याला अटारीची वाट धरावी लागणार होती, आणि एलटीव्हीवाला सकाळी दुकान उघडणार होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. व्हिसाची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. उल्हासनगरातून बदलापूरला घर बदलले तर नवा पत्ता लगेच कळवा, दोन्ही शहरे एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात आहेत म्हणून थांबू नका. भारतात आल्याच्या तारखेचा प्रत्येक कागद जपा. घरमालकांनो, परदेशी भाडेकरू ठेवलात तर चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तो भाडेकरूच्याही हिताचा आहे, कारण तो इथे राहत होता याची ती एक नोंद असते. पुढे कधी त्याला राहण्याची वर्षे सिद्ध करावी लागली, तर अशा नोंदीच त्याच्या बाजूने बोलतात.