पेटाऱ्याबरोबर फिरणारे घर : पेडणे-डिचोलीच्या जत्रांतले दशावतारी

मंडळात दशावताराचा विषय निघाला की तरुण मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे लोक एरवी काय करतात?" नाटक रात्रीचे, मग दिवसा नोकरी कुठे करतात, असा त्याचा अर्थ. शहरात जन्मलेल्या मुलांनी नाटक करणारी माणसे पाहिली ती ऑफिस सुटल्यावर तालमीला येणारी. त्यामुळे त्यांना असे वाटणे साहजिक आहे. पण कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, पूर्णवेळ दशावताऱ्याचे 'एरवी' असे काही नसतेच. आज एका गावच्या देवळात, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या. त्याचे जेवण, झोप, शिक्षण, भांडणे आणि करमणूक सगळे त्या फिरत्या कंपनीतच होते. ते एक घरच आहे, फक्त त्याला भिंती नाहीत. हे घर कसे चालते आणि त्यात नवा माणूस कसा तयार होतो, ते इथे सांगायचे आहे.

आधी मुलूख. बहुतेक जुन्या कंपन्यांची नावे सिंधुदुर्गातल्या गावांची किंवा घराण्यांची : मोचेमाडकर, खानोलकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर. मोचेमाड आणि खानोली वेंगुर्ले तालुक्यात, वालावल आणि चेंदवण कुडाळ तालुक्यात. पार्सेकर कंपनी वेंगुर्ल्याची, पण आडनाव आपल्या पेडण्यातल्या पार्से गावाचे सांगते. यात नवल काही नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे भाग 18व्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. पेडणे तर पोर्तुगिजांकडे गेले ते 1788 मध्ये. कागदावर हद्द बदलली, पण देव, कुळे, सोयरिकी आणि जत्रा जुन्याच राहिल्या. तेरेखोल नदी ओलांडली की पेडणे, दोडामार्गावरून खाली उतरले की डिचोली. दशावताऱ्यांच्या दृष्टीने ही एकच वाट. मध्ये नाके आले आणि 1961 नंतर गेले, तरी ही वाट मोडली नाही.

मूळ कुठले, यावर वाद आहेत. राजापूरजवळच्या आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास हा खेळ कोकणात रुजवला, असे परंपरा सांगते. काहीजण तो त्याहून जुना मानतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्यातही सूत्रधार होता, गणपती होता, मोरावरची सरस्वती होती. मराठी रंगभूमीचा जन्म त्या वर्षी झाला असे आपण शाळेत शिकतो. आपल्या गावच्या मांडात तोच गणपती आणि तीच सरस्वती उभ्या असलेल्या पाहिल्या की ती तारीख थोडी घाईची वाटते.

आता कंपनीचा दिवस. तो सुरू होतो पहाटे, नाटक संपल्यावर. दहीहंडी फुटते, काला होतो (म्हणून तर गोव्यात अख्ख्या उत्सवालाच 'कालो' म्हणतात), लोक घरी जातात आणि कलाकार खोबरेल लावून तोंडावरचा रंग उतरवतात. झोप देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या महाजनाच्या पडवीत. दुपारचे जेवण देवस्थानाकडून नाहीतर ठरलेल्या घराकडून, भात-आमटी आणि सण असेल तर खतखते. मग सामान बांधायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन पायी जात, आता टेम्पो असतो. पेटारा म्हणजे नुसती कपड्यांची पेटी नव्हे. त्यात गणपतीचा मुखवटा, मुकुट, शस्त्रे असतात. गावात पोचल्यावर आधी त्याच्यापुढे दिवा लागतो, नारळ ठेवला जातो. पेटारा ज्या जागी टेकला ती त्या रात्रीपुरती कंपनीची देवखोली. चपला घालून तिथे फिरणाऱ्या पाहुण्याला सौम्य शब्दांत बाहेर काढतात, हे लक्षात ठेवावे.

संध्याकाळी खरे काम सुरू होते. दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. कंपनीचा प्रमुख त्या रात्रीचे आख्यान ठरवतो, कधी देवस्थानच्या इच्छेने, कधी नवस केलेल्या घराच्या मागणीने. मग तो सगळ्यांना बसवून कथा सांगतो : कोण कोणाचा मुलगा, शाप कोणी दिला, युद्ध कुठे, शेवट कसा. कोणी काय करायचे ते वाटून देतो. झाले. संवाद ज्याचे त्याने उभे करायचे. त्यासाठी पुराणे डोक्यात पाहिजेत. म्हणून जुन्या दशावताऱ्यांच्या घरी श्रीधरांचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ असत आणि पावसाळ्यात त्यांचे वाचन होई. राजा बोलतो ती भाषा भरजरी मराठी. संकासुर बोलतो ती मालवणी, म्हणजे पेडण्यात घरी बोलतात त्याच्या अगदी शेजारची. घरात कोकणी आणि शाळेत दुसरे काही, अशा काळात आपल्या तालुक्यांतल्या कित्येक निरक्षर माणसांनी 'प्रधानजी, राज्यात क्षेमकुशल आहे ना' असली मराठी शिकली ती इथेच, मध्यरात्री, चटईवर बसून.

रंगभूषा प्रत्येकजण स्वतःची स्वतः करतो. सफेदा, काजळ, कुंकू आणि समोर हातभर आरसा. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. नऊवारी नेसायला, आंबाडा बांधायला, अबोलीची वेणी माळायला एका कलाकाराला जो वेळ लागतो तेवढ्यात राजा एक डुलकी काढतो. (अलीकडे सिंधुदुर्गात फक्त स्त्रियांची दशावतार मंडळेही उभी राहिली आहेत, तेव्हा हा नियम आता पूर्वीइतका घट्ट नाही.) रंगमंचावर एक बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज.

पालखी देवळात परतली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक लागते. आधी पूर्वरंग, त्याला आडदशावतार म्हणतात : सूत्रधार, गणपती, त्याच्या बाजूला ऋद्धिसिद्धी, विनोदी भटजी, मोरावर बसून नाचणारी सरस्वती. मग काळ्या वेषातला, उंच काळी टोपी घातलेला संकासुर येतो. त्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात आणि विष्णू त्याला मारणार असतो, पण त्याआधी तो अर्धा तास गावच्या पुढाऱ्यांची, रस्त्यांची, भटजीची आणि प्रेक्षकांची यथेच्छ थट्टा करून घेतो. त्यानंतर मुख्य आख्यान, थेट पहाटेपर्यंत.

या सगळ्यात शिकवतात केव्हा? वेगळा वर्ग नाही, तालीम नाही, फी नाही. मुलगा कंपनीत येतो तो बापाबरोबर, मामाबरोबर किंवा गावच्या एखाद्या कलाकाराच्या ओळखीने. सुरुवातीला झांज वाजवतो, सामान उचलतो, ऋद्धी किंवा सिद्धी होऊन चवरी ढाळतो. त्याचे तोंड रंगलेले असते पण त्याला बोलायचे नसते. त्याने ऐकायचे असते. सबंध हंगाम तो विंगेतून तीच माणसे वेगवेगळ्या कथांत वेगवेगळे बोलताना ऐकतो. पुढच्या वर्षी त्याला राजकुमार मिळतो किंवा सखी. आवाज फुटेपर्यंत स्त्रीपार्ट, मग राजा किंवा राक्षस, ज्याचा जसा देह आणि गळा. संकासुर शेवटी येतो, कारण त्याला हजरजबाबीपणा लागतो आणि तो शिकवून येत नाही. कंपनीत मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत. काका, मामा, दादा, पेटीवाले बुवा, असेच. रक्ताचे नाते नसले तरी ओरडा खाण्याचा हक्क त्यातून मिळतो.

सर्वांत सुंदर शिक्षण रंगमंचावरच चालते, प्रेक्षकांच्या देखत आणि त्यांना न कळता. समजा नवखा राजकुमार समोर आला आणि त्याचे शब्दच संपले. समोरचा जाणता राजा थांबत नाही, खाली वाकून सांगतही नाही. तो भूमिकेतूनच म्हणतो, "कुमारा, मातेने तुला वनातून इथे धाडले ते पित्याचा शोध घेण्यासाठी ना? मग जीभ का अडखळते?" पोराला कथा सापडते, तो पुढे बोलतो. प्रेक्षकांना वाटते, काय छान संवाद लिहिलाय! पखवाजवालाही तसाच गुरू : लढाईत पाय चुकला तर तो बोल पुन्हा घेतो, पाय जागेवर येईपर्यंत. अशा शंभर-सव्वाशे रात्री झाल्या की एक माणूस थोडाफार तयार होतो. दोन महिन्यांच्या शिबिरात हे बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिरे वाईट नाहीत, पण त्यात पडलेल्याला उचलायला समोर जाणता राजा नसतो.

असे शिकवणारी फिरती घरे जगात इतरत्रही आहेत. स्पेनच्या आंदालुसियात फ्लामेंकोची मोठी घराणी, विशेषतः जिप्सी कुटुंबे, मुलांना घरच्या सण-समारंभांतच टाळ्यांचा ठेका आणि गाणे देतात. त्या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2010 मध्ये स्थान मिळाले. शेजारच्या कर्नाटकात यक्षगानाचे मेळे देवळांच्या नावाने हंगामभर फिरतात आणि पावसाळ्यात थांबतात, अगदी आपल्यासारखेच. पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमलला, हिवाळ्यात परदेशी कलाकार येऊन नाच-गाण्याचे वर्ग घेतात. त्याच आठवड्यात काही किलोमीटर आत एखाद्या देवळात दशावतार चालू असतो. या दोन जगांची गाठ क्वचितच पडते, याची मला गंमत वाटते आणि थोडी खंतही.

घरची बाजू मात्र गमतीची नाही. कंपनीतला माणूस हंगामात बाहेर असतो, तेव्हा वायंगणी शेती, गुरे, म्हातारे आई-बाप आणि मुलांची शाळा हे सगळे बायकोच्या माथी. मुलांच्या परीक्षा ऐन जत्रांच्या हंगामात येतात. मानधन रात्रीच्या हिशेबाने. नाटक नाही तर पैसे नाहीत, आजारी पडला तरी नाहीत. पावसाळ्यात शेती, मजुरी, गणपतीच्या दिवसांत मूर्तिकाम किंवा भजनाची साथ. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती भर हंगामात. चैत्र-वैशाखाच्या साऱ्या रात्री बुडाल्या आणि पुढचा हंगामही धड उभा राहिला नाही. नियमित पगाराचे महत्त्व अनेक घरांना तेव्हा नव्याने पटले. वयोवृद्ध कलाकारांसाठी गोव्यात आणि महाराष्ट्रात सरकारी मानधनाच्या योजना आहेत, त्यांचा आधार होतो. पण त्या कलाकार थकल्यावरच्या आहेत, विशी-पंचविशीतल्या मुलासाठी नाहीत.

तो मुलगा काय करतो? 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'दशावतार' चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी रंगवला आणि त्याच्या मुलाला बापाने आता हे थांबवावे असे वाटत होते. चित्रपटाची पुढची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते, पण हे बाप-लेकाचे बोलणे कोकणातल्या बऱ्याच घरांना ओळखीचे वाटले असेल. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीपासून चालू झाला, हॉटेले तर आधीपासून होतीच. पेडण्याच्या मुलाला आज महिन्याच्या पगाराची नोकरी घराजवळ मिळू शकते आणि त्याने ती घेतली तर त्याला दोष देण्याचा अधिकार, परगावी पगारावर जगणाऱ्या आपल्याला तरी नाही.

नोकरी सांभाळून नाटक करणारे कलाकार आता पुष्कळ आहेत आणि त्यातले काही उत्तम आहेत. अडचण वेगळीच आहे. सकाळी कामावर जायचे म्हटले की आख्यान मध्यरात्रीनंतर लांबवता येत नाही. म्हणून पूर्वरंग गणपतीपुरता उरतो, सरस्वती आणि संकासुर गळतात, नाटक तीन तासांत आटोपते. स्पर्धांमुळे आणि मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे धूर, दिवे, आकाशातून उतरणारे देव अशा करामती वाढल्या. त्या बघायला मलाही आवडतात. पण ज्या ऋद्धीने आणि सखीने चवरी ढाळत ऐकायचे, तेच प्रवेश आधी कापले जातात. म्हणजे कात्री लागते ती नेमकी शिकणाऱ्याच्या जागेला. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात नवख्याला चुकायला वेळ असतो; तीन तासांत त्याला कोणी उभाच करत नाही.

काही देवस्थानांनी यावर साधा उपाय धरला आहे : सुपारी देतानाच पूर्ण आडदशावतार हवा असे सांगायचे आणि मानधन त्या हिशेबाने ठरवायचे. आपल्यापैकी ज्यांची घरे महाजनांत किंवा जत्रा समितीत आहेत, त्यांना हे पुढच्या बैठकीत मांडता येईल. नवसाचे नाटक देणाऱ्या कुटुंबांनाही तसे सांगता येते. यंदा गावी जाणार असाल तर रात्री दहालाच मांडात पोचा. रंगपटाच्या दाराशी विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. चपला बाहेर काढून कथा सांगितली जात असताना एका बाजूला बसता येते. आरतीचे ताट प्रेक्षकांत फिरते त्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा, आणि मुले बरोबर असतील तर संकासुर येईपर्यंत त्यांना जागे ठेवा.