पावसाचा हिशेब आणि नकाशाचा कारभार

तापीच्या दक्षिणेस पसरलेल्या शिंदखेडा तालुक्यात, जेथे पाऊस किती पडला यापेक्षा पडलेल्यातला जमिनीत किती मुरला हाच कुणब्याचा खरा प्रश्न असतो, तेथे काळी कसदार जमीन आणि मुरमाड टेकाड यांना एकाच मापाने मोजणारा हिशेब फसवा ठरतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. गरज आहे ती हा भेद जागोजाग आणि दिवसागणिक मांडून देणाऱ्या साधनाची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या ‘पोकरा’साठी, आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी तसे साधन घडविले. क्यूजीआयएस या नकाशाप्रणालीत बसणारे हे प्लगिन माती, उतार, पीक आणि रोजचे पर्जन्य यांवरून किती पाणी वाहिले, किती मुरले आणि पिकास किती कमी पडले, याचा ताळेबंद काढते.

गॅरी शर्मन यांनी २००२ साली आरंभिलेली क्यूजीआयएस सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली आहे. तिचे यंत्रभाषेत आधीच रूपांतर झालेले असल्याने ती वेगवान, पण एक ओळ बदलायची तरी सारे पुन्हा बांधून घ्यावे लागते. म्हणून २००७ च्या ०.९ आवृत्तीपासून तिच्या पोटात पायथन या दुसऱ्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेली ओळ पुन्हा बांधणी न करता थेट चालविणारा दुभाष्या, वसविण्यात आला. मामलेदार कचेरीस कायदा ठाऊक असतो, परंतु गावची माहिती तलाठ्याच्या दप्तरातच सापडते. तशीच ही विभागणी, आणि मला ती अत्यंत शहाणपणाची वाटते.

सी प्लस प्लसकडून पायथनकडे हुकूम जातो तो असा. मूळ प्रणाली प्रथम इंटरप्रिटर जागा करते, प्लगिनचे दप्तर उघडविते आणि त्यातील ‘क्लासफॅक्टरी’ या ठरीव नावाच्या फंक्शनला बोलावून त्याच्या हाती स्वतःच्या खिडक्या-नकाशांचा मुखत्यारनामा देते. मग ‘इनिट-जीयूआय’ला बोलावताच पडद्यावर बटण उमटते, आणि प्लगिन काढताना ‘अनलोड’ला. पायथनमध्ये लिहिलेले सूत्र नकाशाला जोडले असेल, तर प्रत्येक शेतासाठी सी प्लस प्लसमधील आकडा पायथनच्या रूपात घालावा लागतो, फंक्शन चालवावे लागते आणि उत्तर पुन्हा उलट्या मार्गाने आणावे लागते. हजारो शेतांसाठी ही ये-जा महाग पडते; शिवाय इंटरप्रिटरच्या कुलपाची किल्ली एका वेळी एकाच धाग्याच्या (थ्रेडच्या) हाती असते. म्हणून जाणता प्रोग्रॅमर सीमा वारंवार ओलांडत नाही, आकड्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा एकदम पाठवितो.

खरी नाजूक बाब मालकीची आहे. फंक्शनमध्ये चूक झाली, तर बहुधा मूळ प्रणाली कोसळत नाही. पायथनने उठविलेला अपवाद ती पकडते आणि चूक कोणत्या ओळीत झाली याचा पंचनामा पडद्यावर मांडते. परंतु पायथनच्या हाती असलेला नकाशाचा थर सी प्लस प्लसने आधीच नष्ट केला असेल, तर हाती केवळ रिकामे नाव उरते आणि त्यास स्पर्श करताच चूक उद्भवते. उलट दिशेनेही तितकाच काच आहे: प्रत्येक पायथन-वस्तूचे किती धनी आहेत याची गणती चालू असते, आणि मूळ प्रणालीने आपला हक्क वेळेवर सोडला नाही, तर ती वस्तू स्मृतीत नाहक अडकून राहते. नवशिक्यांची बहुतेक रात्रजागरणे येथेच होतात, गणितात नव्हे.

‘पोकरा’ प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत जळगाव होता, शिंदखेडा ज्यात मोडतो तो धुळे नव्हता. तथापि क्यूजीआयएस विनामूल्य आहे, पायथनही विनामूल्य आहे, आणि मूळ प्रणालीस हात न लावता मातीचे व पिकाचे गुणांक बदलून घेता येतात. शिंदखेडा-दोंडाईचाच्या महाविद्यालयांतील तरुणांनी आपल्या शिवारासाठी असे एक फंक्शन लिहून पाहावे, आणि त्याचे उत्तर विहिरीच्या पाण्याशी ताडून पाहावे.