कवळी बसवायची की नाही? घरातल्या बुजुर्गांसाठी आधी हे तपासा

सगळे जेवायला बसलेत. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. दादीसमोर मात्र दुधात कुस्करलेली पोळी. "भूक नाही बेटा," म्हणून तीही अर्धी सोडून देतात. जळगाव असो की धुळे, हे चित्र आपल्या अनेक घरांत आहे. भूक असते, चावता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "कवळी बसवून टाका."

आमच्या घरीही असंच झालं. अब्बांचे उरलेले दात काढले आणि घरात लग्न होतं म्हणून पंधरा दिवसांतच माप देऊन कवळी करून घेतली. तीन महिन्यांत ती ढिली झाली. बोलताना खाली यायची, हिरडीला टोचायची. शेवटी स्टीलच्या डबीत घालून कपाटात गेली. दोष कवळीचा नव्हता, घाई आमची होती. दात काढल्यावर हिरडी आणि जबड्याचं हाड आक्रसतं, आणि पहिल्या काही महिन्यांत ते सगळ्यात जास्त. कायमच्या कवळीचं माप जखम नीट भरल्यावरच द्यावं. लगेच दात हवेच असतील तर तात्पुरती कवळी मिळते, पण पुढे तिला आतून भर घालून नीट बसवावं लागतं, हे आधीच समजून घ्या.

दात किती उरलेत?

एक-दोनच दात नसतील तर ब्रिजचा विचार होतो. तो पक्का बसतो, पण आधारासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. मजबूत असतो, पण खर्च मोठा आणि काही महिने थांबावं लागतं. हाड पुरेसं हवं आणि शुगर ताब्यात हवी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो अपयशी ठरण्याचा धोका जास्त असतो.

बरेच दात गेले असतील तर काढता-घालता येणारी अर्धी कवळी, आणि सगळेच गेले असतील तर पूर्ण कवळी. "सगळेच काढून टाका, एकदाची बत्तीशी बसवू," असं मात्र घाईने ठरवू नका. खालच्या जबड्यात दोन मजबूत दात उरले तरी कवळीला चांगला आधार मिळतो.

कवळी कोणाला जमते?

वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला जागा कमी आणि मध्ये जीभ, म्हणून ती हलते. बीपीच्या किंवा इतर गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर पकड आणखी कमी होते. हात थरथरत असतील, विसरभोळेपणा वाढला असेल तर कवळी रोज कोण घालणार, कोण धुणार, हे आधी ठरवा. सवय व्हायला काही आठवडे लागतात. स्वतःच्या दातांइतका जोर कवळीत येत नाही. सुरुवात खिचडी, भरीत यांनी करावी, मग भाकरी, तीही दोन्ही बाजूंनी चावून.

रस्त्यावरचा 'फिक्स दात' नको

बाजारात बसून तासाभरात दात 'फिक्स' करून देणारे भेटतात. तार आणि लगेच घट्ट होणारा मसाला वापरून ते नवा दात शेजारच्या दातांना चिकटवतात. त्याखाली अन्न अडकतं, हिरडी सडते, चांगले दातही हलायला लागतात. कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला असा धंदा करता येत नाही.

वुजू, गुस्ल, रोजा

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. हनफी उलमांचं सर्वसाधारण म्हणणं असं की पक्का बसवलेला दात स्वतःच्या दातासारखाच धरला जातो. गुस्लमध्ये मात्र पूर्ण तोंडात पाणी पोहोचणं फर्ज आहे, म्हणून सहज निघणारी कवळी काढून कुल्ली करावी. रमजानमध्ये सहरीनंतर कवळी काढून धुवावी, म्हणजे अडकलेला घास पोटात जाणार नाही. कवळी चिकटवायची पेस्ट वापरत असाल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्या.

पैशांचं काय?

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या, 60 वर्षांवरील लोकांना काठी, चष्मा, श्रवणयंत्रासोबत कवळीही त्यात मोफत मिळते. शिबिर कधी आहे ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात.

कवळी घेतल्यावर

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबणाने धुवा, टूथपेस्टने चरे पडतात. टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका, डॉक्टरांकडे न्या. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखवा. तंबाखू, गुटखा, मिश्री खाणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये, तो कॅन्सरही असू शकतो.

शेवटी एक गोष्ट. अब्बांची दुसरी कवळी करताना आम्ही पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय खायचंय?" ते म्हणाले, "भाकरी." डॉक्टरांना तेच सांगितलं. आज ते भाकरी खातात, हळूहळू आणि बारीक तुकडे करून. आपल्या घरातही निर्णय मुलांनी परस्पर घेऊ नये. ज्यांच्या तोंडात कवळी बसणार आहे, त्यांना आधी विचारा.